फेकलेली लोकर आणि गळलेले फूल

आपल्या कामाच्या भागात दोन वस्तू दरवर्षी वाया जातात. एक म्हणजे मेंढीची लोकर आणि दुसरी म्हणजे पळसाचे फूल. कापूस वेचून झाला की सिल्लोड आणि सोयगाव तालुक्यांच्या शिवारात धनगर बांधवांचे कळप उतरतात. कातरलेली लोकर ते पुष्कळदा बांधावरच टाकून जातात. तिकडे अजिंठ्याच्या डोंगरात फाल्गुनात पळसाखाली केशरी सडा पडतो. रंगपंचमीला मुले ओंजळभर फुले नेतात, बाकीची मातीत जातात. लोकर धनगरांकडे आहे, फुले आपल्या भिल्ल वस्त्यांच्या उशाशी आहेत. या दोन्ही वस्तू एका भांड्यात आल्या तर हाताला काम मिळेल का, असे आपल्या महिला गटातील बहिणींनी विचारले. देणगीदार आणि कार्यकर्ते यांच्याकडूनही हाच प्रश्न येतो. त्याचे सरळ उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. काम होऊ शकते. मात्र कोणत्या अटींवर, हे आधी समजून घेतले पाहिजे.

लोकर का फेकली जाते?

आपल्या पठारावरची मेंढी म्हणजे दख्खनी मेंढी. ऊन, पायपीट आणि अर्धपोटी दिवस सोसणारी ही जात आहे. तिची लोकर जाड, खरखरीत आणि बहुतेक करून काळी असते. वर्षातून दोनदा कातरणी होते आणि दोन्ही मिळून एका मेंढीची जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर निघते. या लोकरीची घोंगडी होत असे. सूत काढायचे धनगर बायकांनी, विणायचे सणगर समाजाने, आणि ताण्याला खळ द्यायची चिंचोक्यांची. पावसात मेंढपाळाच्या अंगावर, थंडीत खळ्यावर, बाळंतिणीच्या खाटेवर, सगळीकडे घोंगडीच असे.

पुढे गिरणीचे आणि कृत्रिम धाग्याचे स्वस्त ब्लँकेट आले. मेंढी पाळायची ती मटणासाठी, हा हिशेब पक्का झाला. आज अनेक ठिकाणी लोकरीला मिळणारा भाव कातरणाऱ्याच्या मजुरीइतकाही नसतो. कातरणी तरी करावीच लागते, नाहीतर जनावराला उकाडा आणि गोचिडांचा त्रास होतो. म्हणजे मेंढपाळ पदरचे पैसे घालून लोकर उतरवतो आणि मग ती टाकून देतो. राज्यात यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे आणि त्याचे एक प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात पडेगावला आहे. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२६ हे वर्ष गवताळ कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी म्हणून जाहीर केले आहे. जगाचे लक्ष या लोकांकडे वळते आहे, पण बांधावरची लोकर अजून बांधावरच आहे.

लोकरीचा सण

लोकरीला मान मिळतो ती जागा पाहायची असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला जावे. हातकणंगले तालुक्यातील या गावी ऑक्टोबरच्या सुमारास विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर समाज तेथे लोटतो. ढोलांचा आवाज, उंचावलेल्या छत्र्या, पाऊसपाण्याविषयीची भाकणूक आणि भंडाऱ्याची उधळण. या उधळणीत हळदीबरोबर खारीक, खोबरे आणि लोकरही असते. बाजारात जिला कोणी विचारत नाही ती लोकर इथे देवाला वाहिली जाते. गेल्या वर्षी आपल्या गटातील चार बहिणींना घेऊन मी तेथे गेले. आमची उपासना वेगळी. आम्ही पाहुणे म्हणून गेलो आणि पाहुण्यांसारखेच आमचे आगतस्वागत झाले.

आम्हाला पाहायची होती ती तिथली घोंगडी. काळी, करडी, काठाला पांढरी रेघ असलेली. यात रंगवलेली फारच थोडी, कारण घोंगडीचा रंग मेंढी जन्मतः घेऊन येते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची घोंगडी हाताला किती मऊ लागते हे बहिणींनी तिथेच अनुभवले. एका आजींनी टकळीवर सूत काढून दाखवले आणि लोकर कशी निवडावी हेही सांगितले. पाठीची वेगळी, पोटाची वेगळी, काळी आणि पांढरी तर कधीच एकत्र करायची नाही.

परतताना आमचे सर्वांचे कपडे पिवळेधमक झाले होते. घरी साबण लावताच पिवळ्याचे डाग लालसर झाले आणि दोन-चार दिवस उन्हात वाळल्यावर बरेचसे उडून गेले. हळदीचा हा स्वभावच आहे. साबणाच्या खाराने ती लाल होते आणि उन्हाने फिकी पडते. गटातील एका बहिणीने विचारले, “ताई, हळद इतकी सोपी, मग लोकर हळदीनेच का रंगवू नये?” त्याचे उत्तर तिच्याच पदरावर होते. सोपा रंग आणि पक्का रंग यांत फरक आहे, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते पक्क्या रंगाचे.

भिंतीवरचा रंग आणि धाग्यातला रंग

आपण अजिंठ्याच्या शेजारी राहतो, म्हणून उदाहरण तेथलेच घेऊ. लेण्यांतील चित्रांचे रंग बहुतेक दगडामातीचे आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी दूर अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड. हे रंग कुटून, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून गिलाव्यावर बसवलेले आहेत. ते भिंतीच्या अंगावर असतात, अंगात शिरत नाहीत. धाग्याला असा रंग चालत नाही. पहिल्याच धुण्यात तो निघून जाईल. धाग्याच्या आत शिरून तेथे घट्ट धरून बसेल असाच रंग हवा, आणि तो वनस्पतीतून किंवा किड्यांतून मिळतो.

तो धरून बसावा म्हणून बहुतेक रंगांना मध्यस्थ लागतो. त्याला रंगबंधक म्हणतात. आपल्याकडे सर्वांत सुरक्षित रंगबंधक म्हणजे तुरटी. तुरटी एका हाताने लोकरीला धरते आणि दुसऱ्या हाताने रंगाला. लोकर ही केसाप्रमाणे प्रथिनांची बनलेली आहे, त्यामुळे तुरटी आणि रंग या दोघांनाही ती कापसापेक्षा लवकर आपलेसे करते. कापूस रंगवायला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवावा लागतो, तसे लोकरीला लागत नाही.

हे ज्ञान फार जुने आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात लाल रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडला. पवित्र शास्त्रात निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठी निळे, जांभळे आणि किरमिजी सूत कातून आणणाऱ्या कुशल स्त्रिया भेटतात. बकऱ्याचे केस कातणाऱ्याही त्यांच्यात होत्या. प्रेषितांच्या कृत्यांतील थुवतीरा नगराची लुदिया तर जांभळी वस्त्रे विकणारी होती. बाईने सूत रंगवावे आणि विकावे यात नवे काही नाही.

आपल्या खानदेश-वऱ्हाडातही पूर्वी आल नावाच्या झाडाची लागवड होत असे. काही जण याच झाडाला बारतोंडी म्हणतात. त्याच्या मुळांच्या सालीतून पक्का लाल रंग मिळे आणि त्यावर रंगाऱ्यांची घरे चालत. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून जांभळा रंग तयार केला. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत बनला. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. चाळीस-पन्नास वर्षांत झाडांचे रंग मागे पडले आणि आलेची शेतेही गेली. आज पुन्हा नैसर्गिक रंगाला मागणी आहे. कच्छमध्ये भुजजवळच्या खमीर या संस्थेने तेथील पशुपालकांच्या देशी लोकरीवर काम उभे केले आहे. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही.

आपल्या डोंगरात आणि घरात काय आहे?

ऋतूप्रमाणे पाहू.

*माघ-फाल्गुन :* पळसाची फुले. तुरटी दिलेल्या पांढऱ्या लोकरीवर पिवळा ते नारिंगी रंग येतो. रंग देखणा आहे, मात्र कडक उन्हात हळूहळू उतरतो. याच काळात धायटीची लाल फुले येतात. ती आयुर्वेदिक आसवांसाठी विकली जातात, पण त्यांच्या काढ्याने लोकरीवर उबदार तांबूस-बदामी छटाही मिळते.

*उन्हाळा :* बाभळीच्या शेंगा. यांनी तपकिरी रंग येतो. मात्र याच शेंगा शेळ्या-मेंढ्यांचा उन्हाळ्यातला आधार आहेत. कळपांची गरज भागून उरतील तेवढ्याच घ्याव्यात.

*पावसाळा-शरद :* प्राजक्ताच्या फुलांचे केशरी देठ. रंग सुंदर, पण देठ निवडायला वेळ फार लागतो. पावसाळ्यात उगवणारा टाकळाही इथे उपयोगी आहे. त्याच्या बिया दक्षिणेतील रंगारी निळीचे मडके आंबवताना वापरतात. निळीचे तंत्र मात्र वेगळे आणि अवघड आहे, ते आपण सुरुवातीला हाती घेऊ नये.

*दसरा-दिवाळीनंतर :* झेंडूची फुले. उतरवलेले हार आणि तोरणे गोळा केली तरी पुरेत. लोकरीवर झेंडूचा पिवळा हा हळदीपेक्षा खूपच टिकाऊ.

*वर्षभर :* कांद्याची कोरडी साल आणि डाळिंबाची साल. पहिलीने नारिंगी-तपकिरी रंग येतो, दुसरीने पिवळा.

लाल हवा असेल तर लाख. पळस आणि बोरीवर वाढणाऱ्या किड्यांची ही देणगी. लाख धुताना निघणाऱ्या लाल पाण्याने लोकर उत्तम रंगते. आपल्याकडे लाखेची शेती नाही, ती गोंदिया-गडचिरोलीकडे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काळ्या लोकरीवर यातला कोणताही रंग दिसत नाही. करड्या लोकरीवर तो गडद आणि शांत दिसतो, पांढऱ्यावर पूर्ण खुलतो. म्हणून धनगर बांधवांकडून लोकर घेतानाच पांढरी आणि करडी वेगळी निवडून घ्यावी, आणि निवडण्याच्या कष्टाचा वेगळा दाम त्यांना द्यावा.

एक किलो सूत रंगवायचे तर

हे प्रमाण कोरड्या सुताच्या वजनावर आहे. आधी वजन करा आणि वहीत लिहा.

१. *धुणे.* सुताच्या लडी सैल बांधाव्यात. रिठ्याच्या कोमट पाण्यात त्या तासभर भिजवून हलक्या हाताने दाबाव्यात. लोकरीत चरबी असते, ती निघाली नाही तर रंग डाग धरतो. चोळू नये आणि गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नये, नाहीतर लोकर आटून तिचा गोळा होतो.

२. *तुरटी.* ३० ते ४० लिटर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम तुरटी विरघळवावी. ओल्या लडी घालून तासाभरात हळूहळू तापवावे. वाफा येऊ लागल्या की पुरे, खळखळून उकळी येऊ देऊ नये. मग आच बंद करून रात्रभर त्याच पाण्यात ठेवावे.

३. *काढा.* पळसाची सुकी फुले असतील तर एक किलो, ताजा झेंडू असेल तर दोन ते तीन किलो. रात्री भिजत घालावीत, सकाळी तासभर उकळावीत आणि फडक्यातून गाळावीत.

४. *रंगवणे.* गाळलेल्या काढ्यात लडी बुडतील इतके पाणी घालून त्या सोडाव्यात. पुन्हा मंद आचेवर तासभर ठेवावे आणि अधूनमधून वर-खाली कराव्यात. त्याच पाण्यात थंड होऊ द्याव्यात. मग साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात.

५. *दुसरा घाणा.* उरलेल्या काढ्यात तुरटी दिलेले आणखी सूत घातले तर फिकी छटा मिळते. तो काढा फेकू नये.

शेंदरीपेक्षा राखी-हिरवट किंवा काळपट छटा हव्या असतील तर शेवटी १० ते २० ग्रॅम हिराकस पाण्यात घालतात. डाळिंबाच्या पिवळ्याचा त्याने शेवाळी रंग होतो. यापेक्षा जास्त हिराकस घातला तर लोकर ठिसूळ होते.

आपल्याकडील बोअरचे पाणी जड असते आणि त्याने छटा बदलते. साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले. निदान प्रत्येक वेळी एकाच ठिकाणचे पाणी वापरावे, म्हणजे आजची लड आणि पुढच्या महिन्याची लड जुळेल. भांडी स्टीलची असावीत आणि त्यांत पुन्हा कधीही स्वयंपाक करू नये. मोरचूद किंवा डायक्रोमेट वापरा, रंग झगझगीत येतो, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. डायक्रोमेट हे विष आहे, ते बाईच्या हाताला आणि विहिरीच्या पाण्याला दोघांनाही बाधते. मोरचुदाचे पाणीही नाल्यात गेले तर मासे मरतात.

रंग पक्का की कच्चा हे तोंडाने सांगू नये, पाहून सांगावे. प्रत्येक घाण्यातला एक धागा पुठ्ठ्यावर गुंडाळावा, अर्धा भाग झाकावा आणि पंधरा दिवस उन्हात ठेवावा. दुसरा धागा पांढऱ्या कापडात बांधून धुवावा. जे दिसेल ते वहीत लिहावे आणि गिऱ्हाइकाला तेच सांगावे. पळसाचा रंग उन्हात उतरतो हे सांगून विकलेली शाल परत येत नाही. न सांगता विकलेली येते, आणि तिच्याबरोबर गटाचे नावही जाते.

काय घेऊ नये

जंगलाचा रंग म्हटले की साल आणि मूळ यांच्याकडे हात जातो, कारण पक्के लाल-तपकिरी रंग तिथेच असतात. आपला नियम साधा असावा : जे गळून पडते ते घ्यावे, जे तोडल्याने झाड मरते ते घेऊ नये. आलेचे मूळ नको, मंजिष्ठेचे मूळ नको, खैराला तर हातच लावू नये. झाडाखालचे फूल वेचावे. फांदीवरचे फूल मधमाश्या, पक्षी आणि पुढच्या बीसाठी आहे.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्या आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींना दिला आहे. तो कोणाची मेहरबानी नाही, हक्क आहे. पण तो मिळतो ग्रामसभेमार्फत दावा करून आणि दावा मंजूर झाल्यावर. म्हणून आधी ग्रामसभेत ठराव करावा, कोणत्या भागातून किती फूल वेचायचे हे ठरवावे. गौताळा अभयारण्याच्या बाजूच्या वस्त्यांनी वनविभागाशी बोलल्याखेरीज आत जाऊ नये. २०१८ पासूनच्या वनधन योजनेत बचत गट एकत्र येऊन वनोपजावर प्रक्रिया करू शकतात, त्याचीही चौकशी करावी.

कष्ट, जळण आणि दाम

आता मूळ प्रश्न. यातून घर चालेल का? एकट्या रंगावर नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण आपल्या वस्त्यांनी याआधी अनेक आश्वासने ऐकली आहेत.

एका घाण्याला तीन वेळा पाणी तापवावे लागते. ते जळण डोंगरातून आणले तर झाड वाचवण्याची भाषा पोकळ ठरते, आणि मोळी वाहणारी बाईच पुन्हा राबते. सुदैवाने सिल्लोडच्या शिवारात पऱ्हाट्या आणि मक्याची दाणे काढलेली कणसे भरपूर असतात. शेतकरी त्या पेटवून देतात. चूल त्यांवर चालावी, आणि एका वेळी पुरेसे सूत जमल्याशिवाय ती पेटवू नये.

दुसरी गोष्ट काळाची. पळस फुलतो तेव्हा आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. वस्तीत उरतात म्हाताऱ्या बायका, काही लेकी आणि लहान मुले. म्हणजे फूल वेचायला पहाडासारखा गडी लागत नाही, ही इथे जमेची बाजू आहे. सावलीत सुकवून गोणीत भरलेले फूल वर्षभर टिकते. खरे काम त्यानंतर आहे. आषाढ-श्रावणात पेरण्या आटोपतात, हाती मजुरी नसते, घरातले धान्य संपत आलेले असते, आणि त्याच दिवसांत दुकानदाराकडे किंवा मुकादमाकडे उचल घ्यावी लागते. त्या दोन महिन्यांत गोणीतली फुले आणि माळ्यावरचे सूत बाहेर काढता आले, तर थोडी का होईना, उचल कमी घ्यावी लागेल. ज्या घराने कमी उचल घेतली त्या घरची मुलगी शाळा सोडून फडावर जाण्याची शक्यताही कमी होते. या कामाची खरी किंमत मी तिथे मोजते.

दाम ठरवताना सर्वांचे कष्ट मोजावेत : कातरणारा, कातणारी, वेचणारी, रंगवणारी आणि विणणारा. नैसर्गिक रंगाच्या नावाखाली शहरात मोठी किंमत लागते आणि वेचणारीला मात्र पायलीभर फुलांचे चार पैसे मिळतात, असे होता कामा नये. वहीत वजनाशेजारी प्रत्येकीचे दिवस लिहिले तर हिशेब लपत नाही. हाच हिशेब धनगर बांधवांनाही दाखवावा. चराईवरून वस्ती आणि कळप यांच्यात दर हिवाळ्यात कुरबुर होते. लोकरीची देवघेव सुरू झाली की निदान बोलायला एक कारण मिळते.

पवित्र शास्त्रात शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि पडलेले वेचू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावे. रूथ त्याच आधारावर जगली. आपल्याकडे त्याला सरवा म्हणतात, आणि कापसाचा, भुईमुगाचा सरवा वेचून आपल्या कितीतरी आयाबहिणींनी लेकरे वाढवली आहेत. डोंगरातले गळलेले फूल आणि बांधावर पडलेली लोकर हा तसाच सरवा आहे. तो वेचण्यात कमीपणा नाही, मात्र तो मोजून वेचावा.

येत्या फाल्गुनात ज्या वस्त्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी फार काही करू नये. चार बायकांनी मिळून एक गोणी पळस सुकवावा, एक किलो पांढरे सूत आणावे, एक वही आणि एक ताजवा घ्यावा. पहिला घाणा विकण्यासाठी नाही, शिकण्यासाठी असेल. दुसऱ्या घाण्याचे बोलणे आपण वहीत काय लिहिले आहे ते पाहून करू.